जर्मन पायदळ डिव्हिजन (१९३९)

जर्मन पायदळ डिव्हिजन ही दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी जर्मन भूदलाची मूलभूत लढाऊ रचना होती. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवरील आक्रमणाच्या वेळी अशा डिव्हिजन ‘लाटां’मध्ये उभारण्यात आल्या. पहिल्या लाटेतील डिव्हिजन शांतताकालीन सैन्यातून, तर तिसऱ्या लाटेतील मुख्यतः वयस्कर राखीव सैनिकांतून तयार झाल्या. त्यामुळे प्रशिक्षण व शस्त्रसामग्री यांत मोठी तफावत होती.

== रचना ==
पहिल्या लाटेच्या डिव्हिजनमध्ये सुमारे १७,००० हून अधिक सैनिक असत. तिच्यात तीन पायदळ रेजिमेंट व प्रत्येक रेजिमेंटमध्ये तीन बटालियन होत्या. बटालियनमध्ये तीन रायफल कंपन्या आणि एक मशीनगन कंपनी असे. याशिवाय रेजिमेंटकडे पायदळ तोफांची १३वी आणि रणगाडाविरोधी १४वी कंपनी होती. तोफखाना रेजिमेंटमध्ये १०.५ सेंमीच्या ३६ व १५ सेंमीच्या १२ होवित्झर तोफा असत. टेहळणी, रणगाडाविरोधी, अभियंता व संदेशवहन तुकड्या तसेच रसद व वैद्यकीय सेवा थेट डिव्हिजनच्या अखत्यारीत येत.

== वाहतूक ==
यांत्रिक सैन्य अशी ख्याती असली, तरी बहुतेक पायदळ पायीच चालत असे. तोफा व रसदगाड्या ओढण्यासाठी एका डिव्हिजनला सुमारे ५,००० घोडे लागत. परिणामी वेगवान रणगाडा डिव्हिजन आणि मागून येणारे पायदळ यांच्यात अंतर पडे. १९४१ च्या सोव्हिएत मोहिमेत ही उणीव ठळकपणे जाणवली.

== नंतरचे बदल ==
मनुष्यहानीमुळे १९४३ पासून अनेक डिव्हिजनमधील पायदळ बटालियनची संख्या नऊवरून सहावर आणण्यात आली.