चौदा क्रियांची घुसळण

चार रकाने, प्रत्येकात ६४ बिट. दुसरा रकाना पहिल्यात मिळवायचा. मग दुसऱ्याचे बिट १३ घरं डावीकडे सरकवायचे. टोकावरून पडतील ते मागच्या बाजूने पुन्हा आत. त्याचा नव्या पहिल्याशी एक्सॉर. पलीकडे तिसऱ्या-चौथ्याचंही तसंच, फक्त सरक १६ घरांची. मग जोड्या मोडून नव्या जुळवायच्या. चार बेरजा, चार एक्सॉर, सहा फिरक्या, की ‘सिपहॅश’ची एक फेरी संपली.

हा खटाटोप हॅश टेबलासाठी. टपाल कचेरीतल्या खणांसारखं हे टेबल. कुठलं नाव कुठल्या खणात पडेल हे आधी ताडता आलं, तर हजारो नावं एकाच खणात कोंबून सर्व्हरला घाम फोडता येतो. डिसेंबर २०११मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि ज्युलियन वेल्डे यांनी तेच दाखवलं.

उपाय म्हणजे गुप्त किल्लीवर चालणारं छद्मयादृच्छिक फलन: किल्ली नसलेल्याला उत्तर निव्वळ यादृच्छिक भासावं. गोल्डराइश, गोल्डवासर आणि मिकाली यांनी १९८४मध्येच असं फलन सिद्धतेसह बांधलं होतं. पण त्यात इनपुटच्या दर बिटाला जनरेटर एकदा चालवावा लागतो. १५ बाइटांच्या नावासाठी १२० वेळा!

ज्याँ-फिलिप ऑमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन यांनी २०१२मध्ये कोलकात्याच्या इंडोक्रिप्ट परिषदेत मांडलेलं सिपहॅश तेच १५ बाइट दोन घासांत गिळतं. दुसऱ्या घासातल्या आठव्या, रिकाम्या बाइटात लांबी लिहायची. प्रत्येक घास आधी चौथ्या रकान्यात, दोन फेऱ्यांनंतर तोच पहिल्यात. शेवटी तिसऱ्यात २५५ आणि आणखी चार फेऱ्या. एकूण आठ फेऱ्या, ११२ क्रिया. तक्ते नाहीत, त्यामुळे कॅशच्या वेळेवरून किल्ली फुटण्याची धास्तीही नाही. सिद्धता मात्र इथे नाही; भरवसा आहे तो हल्ले करून पाहणाऱ्यांच्या अपयशावर.

सुरुवातीचे चार स्थिरांक मजेशीर आहेत. त्यांचे बाइट अक्षरं म्हणून ओळीने वाचले की इंग्रजी वाक्प्रयोग उमटतो: ‘सम स्यूडोरँडमली जनरेटेड बाइट्स’. चावटपणा खरा, पण सोयीचा. यात चोरवाट दडवली असेल अशी शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही.

पायथनने ३.४ आवृत्तीत सिपहॅश स्वीकारलं. रस्टच्या हॅशमॅपने काटकसर आणखी ताणली: दर घासाला एक फेरी, शेवटी तीन. त्याच १५ बाइटांसाठी आता ७० क्रिया.