अस्मानगिरी आणि तोंबै

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु लागते. या गावास पूर्वी मुक्तांबाळपुरम् म्हणत. आणि ज्या मुक्तांबाळेवरून ते नाव पडले तिच्या स्मरणार्थ दुसऱ्या सरफोजी राजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बांधलेले छत्र, त्यात आता पांथस्थांच्या पंगती बसत नसल्या तरी, अद्याप उभे आहे. त्याच्या जोत्यावर घोडे आणि हत्ती अशा बेताने कोरले आहेत, की अवघी इमारत हाच एक रथ असून ही जनावरे तो ओढून नेत आहेत असा भास व्हावा. मी मात्र तेथे दगडी रथासाठी गेलो नव्हतो. त्याच तालुक्यातील एका अम्मनच्या देवळाच्या रथासाठी तंजावरला कापडाचा साज तयार होत होता. तो शिवताना पाहिला होता, आणि आता रथावर चढताना पाहावयाचा होता.

तो साज शिवणारा म्हातारा शिंपी तंजावरच्या राजवाड्यामागील एका बोळात बसतो. जागा एवढी अरुंद, की ठाण उलगडायचे झाले तर कुणीतरी एकाने बाहेर ओट्यावर जावे. हातातल्या कामाचे नाव मी मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारले, तेव्हा त्याने आधी कोपऱ्यातल्या दोन लांब नळकांड्यांकडे बोट दाखवून ‘तोंबै’ म्हटले, दारावरच्या पट्टीला ‘तोरणम्’ म्हटले, आणि मांडीवरच्या चौकोनी छताच्या कापडावर हात फिरवीत सहजपणे उच्चारले, ‘अस्मानगिरी’. मी चमकलोच. फारसीतून मराठीत आलेला हा शब्द आपल्याकडे जुन्या कोशांत आणि दफ्तरांत तेवढा उरला आहे. फरासखाने गेले, त्यांच्याबरोबर तोही गेला. येथे मात्र १८५५ साली तंजावरचे मराठी राज्य खालसा झाल्यावरही तो शिंप्याच्या तोंडी टिकला, आणि तो तमिळ नव्हे असे त्या गृहस्थास सांगितले तेव्हा त्याने माझ्याकडे किंचित अविश्वासाने पाहिले.

कामाची रीत अशी. प्रथम कागदाची घडी घालून अर्धा मोर कापतात. घडी उलगडली की समोरासमोर चोच केलेली जोडी निघते. हा कागदी साचा तांबड्या, पिवळ्या, हिरव्या कापडाच्या तीन-चार पदरांवर एकदम ठेवून जड कातरीने बेततात. बेतलेले तुकडे खळीने तळच्या कापडावर चिकटवतात, आणि मग प्रत्येक तुकड्याच्या कडेने पांढरी दोरी टाक्यांनी बसवतात. ही दोरी दिसावयास मगजीसारखी, परंतु तिचे काम निराळे. तोंबै माणसाच्या डोक्याहून पुष्कळ उंच टांगायचे असते, आणि ते पाहणारा खाली गर्दीत, उन्हात डोळे बारीक करून उभा असतो. तेथून तांबड्यावरचे हिरवे एकमेकांत मिसळून जाते, ते वेगळे राखते ती ही पांढरी रेघ. आमच्याकडचे रसिक जवळून पाहून या कामास ‘भडक’ म्हणतात, त्यांनी ते निदान पंधरा हात लांबून पाहावे.

तोंबैला गोलाई देण्यापूर्वी सारे शिवणकाम सपाट कापडावर उरकावे लागते, कारण एकदा नळी शिवली की आत हात जात नाही. नळीचा एका वेळी जेमतेम तिसरा हिस्सा दिसतो, म्हणून मोर, कमळ किंवा याळी कितीही डौलदार असो, त्याची पुनरावृत्ती करावीच लागते. एकच भव्य चित्र काढण्याचा मोह येथे निरुपयोगी. वर आणि खाली कड्या घालून घेर ताठ करतात; खालच्या कडीपासून रंगीत पट्ट्या सुटतात, त्यांना गोंडे. दोरीचे टाके घालण्याचे काम घरोघरच्या बायका नगावर करतात. कातर मात्र म्हातारा कुणाच्या हाती देत नाही.

माझ्या हाती त्याने ती एकदा दिली, ती केवळ अतिथी म्हणून. कमळाची एक पाकळी बेतताना कापड मी कातरीकडे फिरवावयाचे, ते न करता कातरच फिरवीत गेलो. खालचे दोन पदर सरकले आणि चारांपैकी दोन पाकळ्या वाया गेल्या. “असू दे, सार,” तो म्हणाला, आणि त्याच चिंध्यांतून त्याने मोराच्या पिसाऱ्याचे डोळे काढले.

याच तंजावर दरबारासाठी कोडाली करुप्पूरचे विणकर एक विलक्षण वस्त्र तयार करीत. सुती पोतात जरीचे जामदानी काम, आणि त्यावर मेणाने रंग अडवून काढलेली नक्षी. सातारा, कोल्हापूर, बडोदे येथील राजघराण्यांतही त्या साड्या आणि पागोटी आहेरादाखल जात. जामदारखान्यात जपलेले ते कापड आज देशोदेशींच्या संग्रहालयांत काचेआड सुरक्षित आहे. ते विणण्याचा धंदा मात्र दरबाराचा आश्रय सुटताच मावळला आणि एकोणिसावे शतक सरता सरता संपला. तोंबैचे नशीब नेमके उलटे. ते उन्हात विटते, पावसात भिजते, गर्दीत फाटते, आणि म्हणूनच दोन-तीन उत्सवांनंतर नवे करावे लागते. माझ्या मते या धंद्याचा खरा आश्रयदाता राजा नव्हे. ऊन आणि पाऊस होय.

हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने मद्रासच्या चित्रकारांना उमगली होती. के. सी. एस. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९६६ साली चित्रकार-शिल्पकारांनी मद्रासच्या दक्षिणेस समुद्रकाठी इंजंबाक्कम येथे ‘चोळमंडल’ ही आपली सहकारी वसाहत उभारली, तेव्हा जमिनीचे पैसे चित्रांच्या विक्रीतून आले असते तर नवल होते. बाटिकची कापडे आणि तत्सम हस्तव्यवसाय यांनी ती वसाहत पोसली. चित्रे सावकाश, आपल्या तंत्राने होत राहिली. वापरले जाणारे कापड भिंतीवरच्या चित्रास अन्न पुरवते, ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते. बोळातल्या शिंप्याजवळ असली सहकारी संस्था नाही. पंगुनी-चित्तिरैचे रथोत्सव उरकले की त्याचे हात रिकामे होतात. मग शहरातल्या दुकानदारांसाठी तो त्याच मोरांच्या उशा आणि भिंतीवर लावण्याचे पडदे शिवतो. त्यांना ‘समकालीन’ म्हणून किंमत येते, पण ती किती येते हे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कातर, टाका आणि विक्री या तिघांनी एका सतरंजीवर बसावे, एवढीच तूट आहे. अनुदानाचे नाव त्याने माझ्यापाशी एकदाही काढले नाही.

ओरत्तनाडूला आम्ही बसने गेलो; तोंबैची गाठोडी आम्ही मांडीवर घेतली होती. देवळाच्या रथावर चढून त्याने आधी जुनी जोडी उतरवली. तिचा तांबडा रंग विटकरी झाला होता, एका बाजूचे गोंडे नव्हतेच. पांढरी दोरी मात्र शाबूत होती, आणि ती उसवून त्याने खिशात टाकली. नवी तोंबै वर गेल्यावर तो रथाजवळ थांबला नाही. रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या दुकानापर्यंत मागे गेला, तेथून डोळे बारीक करून पाहिले, आणि एकाची उंची चार बोटे वाढवावयास सांगितली. देवळाच्या कारभाऱ्यापाशी थोडी घासाघीस झाली. पुढल्या वर्षीच्या अस्मानगिरीचा विसार त्याने तेथेच रोख मोजून घेतला, आणि संध्याकाळच्या बसने तंजावरला परतला.