वनौषधींचे विषाणुरोग व त्यांचे वाहक कीटक : निदानपरिवर्जनाच्या दृष्टीने विचार

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी द्रव्य कोणत्या भूमीतून व कोणत्या अवस्थेत घ्यावे याचे विवेचन आले आहे. कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी इत्यादींनी उपहत न झालेले द्रव्यच ग्राह्य समजावे, असा त्याचा आशय आहे. कृमींनी खाल्लेले पान कोणाही वैद्याला सहज ओळखता येते. परंतु पान कुरतडलेले नाही, त्यास छिद्र नाही, किंबहुना ज्या कीटकामुळे बाधा झाली तो आता झाडावर दिसतही नाही, आणि तरीही झाड आयुष्यभरासाठी रोगी झाले आहे, अशीही एक उपहती आहे. ती म्हणजे कीटकांमार्फत पसरणारे विषाणुरोग. औषधी वनस्पतींची लागवड जसजशी वाढत आहे तसतसा हा विषय केवळ कृषितज्ज्ञांचा राहिलेला नाही. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

या विषयाकडे लेखकाचे लक्ष स्वतःच्या चुकीमुळे वळले. चिकित्सालयामागील छोट्या बागेतील पिंपळीच्या वेलाची पाने काही वर्षांपूर्वी पिवळट, चट्टेदार व आखूड येऊ लागली. खत कमी पडत असावे असे समजून शेणखत दिले, पाणी वाढविले. वेल जगला, पण पूर्वीचा जोम आला नाही. दरम्यान भेटीस आलेल्या वैद्यमित्रांना त्याच वेलाच्या काड्या मोठ्या आनंदाने वाटल्या. पुढील वर्षी त्यांपैकी दोघांच्या बागांत तीच लक्षणे दिसली. प्रयोगशाळेत तपासणी करून घेतलेली नसल्याने तो विषाणूच होता असे ठामपणे म्हणता येत नाही. परंतु रोग वाटण्याची याहून सोपी रीत नाही, एवढे मात्र तेव्हा कळले.

विषाणू व वनस्पती

वनस्पतींच्या विषाणूंचा अभ्यास तंबाखूपासून सुरू झाला. तंबाखूच्या पानांवर फिकट व गडद हिरव्या रंगाची नक्षी उमटविणाऱ्या रोगास १८८६ मध्ये आडोल्फ मायर यांनी ‘मोझॅक’ हे नाव दिले व रोगी पानाचा रस निरोगी झाडात घातल्यास रोग होतो हे दाखविले. १८९२ मध्ये इव्हानोव्स्की यांना असे आढळले, की जिवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतून गाळल्यानंतरही हा रस रोगकारक राहतो. १८९८ मध्ये बायेरिंक यांनी हे कारण जिवाणूंहून वेगळे असल्याचे प्रतिपादन केले, आणि १९३५ मध्ये स्टॅनली यांनी हा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला.

विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढू शकत नाही. वनस्पतीच्या पेशीभोवती जाड भित्ती असते व ती भेदण्याचे साधन विषाणूजवळ नसते. म्हणून त्यास व्रणाची आवश्यकता भासते. हा व्रण छाटणीच्या चाकूने होतो, कलम बांधताना होतो, किंवा सोंडेने रस शोषणाऱ्या कीटकाकडून होतो. तंबाखूचा विषाणू तर माणसाच्या हातानेही पसरतो. वाळविलेल्या तंबाखूतही तो टिकून राहत असल्याने, तंबाखू मळून झाल्यावर हात न धुता मिरची वा टोमॅटोची रोपे हाताळू नयेत असा सल्ला दिला जातो.

वाहक कीटकांचे प्रकार व वहनाच्या रीती

मावा, पांढरी माशी, तुडतुडे, फुलकिडे व पिठ्या ढेकूण हे प्रमुख वाहक होत. मात्र कोणताही कीटक कोणताही विषाणू वाहून नेत नाही. दोहोंचे नाते बहुधा ठरलेले असते. डेंग्यूचा प्रसार एडिस डास करतो, घरातील प्रत्येक डास नव्हे, हे आपण रुग्णांस समजावून सांगतो. येथेही तोच न्याय लागू पडतो. वहनाच्या तीन रीती ध्यानात ठेवल्यास प्रतिबंधाचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पहिली रीत अस्थायी वहनाची. पपईवरील वलयी ठिपक्यांचा रोग, ज्यास बागायतदार ‘रिंगस्पॉट’ म्हणून ओळखतात, हे तिचे उत्तम उदाहरण आहे. मुंबई प्रांतातील पपईवरील मोझॅक रोगाची नोंद कपूर व वर्मा यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली होती. या रोगात पानांवर मोझॅकची नक्षी दिसते, पाने अरुंद होऊन दोरीसारखी होतात, देठांवर तेलकट रेषा व फळांवर वलये उमटतात. याचा वाहक मावा. गंमत अशी, की मावा पपईवर वस्ती करून राहत नाही. उडता उडता तो पानावर उतरतो, सोंड टोचून चव पाहतो व आवडीचे झाड नसल्याने पुढे जातो. या काही सेकंदांच्या टोचणीत विषाणू त्याच्या सोंडेच्या टोकास चिकटतो व पुढच्या टोचणीत दुसऱ्या झाडात उतरतो. म्हणूनच रोगग्रस्त बागेत मावा शोधूनही सापडत नाही. याच कारणाने येथे कीटकनाशक फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. कीटक मरण्यापूर्वीच त्याचे कार्य झालेले असते.

दुसरी रीत मध्यम कालावधीची. लिंबूवर्गीय झाडांवरील ‘ट्रिस्टेझा’ या विषाणूसाठी माव्याला काही काळ रस शोषावा लागतो, आणि विषाणू त्याच्यात एक-दोन दिवस टिकतो. या रोगाने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ब्राझील व अर्जेंटिनातील लक्षावधी संत्र्याची झाडे नष्ट केली. भावना देण्यासाठी व शोधनासाठी आपण ज्याचा रस वापरतो तो कागदी लिंबू या विषाणूस विशेष बळी पडतो. त्याच्या पानांच्या शिरा उजेडाकडे धरल्यास तुटक पारदर्शक दिसतात व सालीखाली खोडावर खाचा आढळतात.

तिसरी रीत चिरस्थायी वहनाची. येथे विषाणू कीटकाच्या आतड्यातून देहद्रवात व तेथून लाळेत पोहोचतो. त्यास काही तास लागतात, पण एकदा बाधित झालेला कीटक अनेक दिवस, कित्येकदा जन्मभर रोग पसरवीत राहतो. भेंडीवरील ‘हळद्या’ पांढऱ्या माशीमार्फत व केळीवरील ‘पर्णगुच्छ’ केळीच्या माव्यामार्फत याच रीतीने पसरतो. अशा रोगांत कीटकांची संख्या कमी करण्यास अर्थ असतो, कारण प्रत्येक बाधित कीटक दीर्घकाळ धोकादायक असतो.

एला व मरिच

वेलदोड्यावरील ‘कट्टे’ रोग हा आपल्या शास्त्रातील एका नित्योपयोगी द्रव्याचा मोठा शत्रू आहे. कोवळ्या पानांवर शिरांना समांतर फिकट पट्टे दिसतात, झुडूप खुरटते व काही वर्षांत उत्पन्न घटून जाते. वेलदोड्यावरील या मोझॅक रोगाची माहिती उप्पल, वर्मा व कपूर यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याचा वाहक एक मावाच असून तो जुन्या खोडांच्या आवरणात तसेच अळू व कॅलॅडियम यांसारख्या झाडांवर वाढतो. म्हणून वेलदोड्याच्या बागेतील जुनी खोडे काढून टाकावीत व जवळपास अळू राहू देऊ नये असे सांगितले जाते. हा विषाणू बियांतून उतरत नाही, परंतु कंदांतून निश्चितपणे उतरतो. त्यामुळे रोगट मळ्यातील कंदांऐवजी बियांपासून, मळ्यापासून दूर तयार केलेली रोपे लावणे श्रेयस्कर ठरते.

मिरीच्या वेलाला खुजेपणा आणणाऱ्या विषाणूंपैकी एकाचा प्रसार पिठ्या ढेकूण करतात. मात्र दूरवरचा प्रसार रोगट वेलाच्या काड्यांमधूनच होतो. कीटक रोगाला शेजारच्या झाडापर्यंत नेतो, तर माणूस त्याला दुसऱ्या जिल्ह्यात नेतो.

व्यवच्छेदक निदान

प्रत्येक पिवळे पान विषाणूचे नव्हे. अन्नद्रव्यांच्या कमतरतेत लक्षणे सामान्यतः सबंध वाफ्यावर सारखी दिसतात व योग्य खत दिल्यास नव्या पानांत सुधारणा होते. विषाणुरोगात आरंभी एखाददुसरे झाड विखुरलेले बाधित दिसते, पानावर फिकट-गडद रंगांची अनियमित नक्षी असते आणि खताने फरक पडत नाही. मिरचीवरील चुरडामुरडा फुलकिडे वा कोळी यांच्यामुळेही होतो व पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळेही. चंदनाचा ‘स्पाइक’ रोग दीर्घकाळ विषाणुजन्य मानला जात होता. १९६९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण विषाणूहून भिन्न, भित्तीरहित सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. म्हणून शंका आल्यास कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडून एलायझा वा पीसीआर तपासणी करून घेणे हाच निश्चितीचा मार्ग होय.

चिकित्सा नाही, परिवर्जन आहे

शेतातील बाधित झाडातून विषाणू काढून टाकणारे औषध नाही. गोमूत्र, दशपर्णी अर्क वा निंबोळी अर्क यांचा उपयोग झालाच तर कीटकांवर होतो, विषाणूवर नाही. हे आपण स्पष्टपणे स्वीकारले पाहिजे. अशा व्याधीत निदानपरिवर्जन हीच चिकित्सा ठरते. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. लक्षणे दिसलेल्या झाडापासून काडी, कंद वा कलम कदापि घेऊ नये व कोणास देऊ नये. ‘जगले आहे ना’ ही कसोटी पुरेशी नाही.

२. रोगी झाड आरंभीच उपटून नष्ट करावे. ते काढण्यापूर्वी त्यावर पांढरी माशी वा मावा असल्यास प्रथम कीटकांचा बंदोबस्त करावा, अन्यथा ते शेजारच्या झाडांवर जातात.

३. रोपवाटिका बारीक छिद्रांच्या कीटकरोधक जाळीत करावी. कोवळ्या वयात झालेली बाधा सर्वाधिक हानी करते.

४. पपईसारख्या पिकाभोवती मका वा ज्वारीच्या दाट ओळी लावाव्यात. बाहेरून येणारा मावा प्रथम त्यांवर सोंड टोचतो व सोंडेवरील विषाणू तेथेच पुसला जातो.

५. छाटणीचा चाकू प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावा.

६. शाखीय पद्धतीने वाढणाऱ्या वनस्पतींची रोपे शक्यतो प्रमाणित ऊतिसंवर्धित घ्यावीत. केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये अशा रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धती सुरू केली. मात्र ऊतिसंवर्धित असणे म्हणजे विषाणुमुक्त असणे नव्हे. मातृवृक्षाची तपासणी झाली आहे काय, हे विचारावे.

औषधनिर्मात्यांसाठी

वनस्पतींच्या विषाणूंमुळे माणसास रोग होतो असे सिद्ध झालेले नाही. मिरचीवरील एक विषाणू आहारातून आपल्या पोटात जातो व निरोगी माणसांच्या मलातही आढळतो, असे २००६ मध्ये दिसून आले. त्यामुळे रुग्णांत भीती पसरविण्याचे कारण नाही. खरा प्रश्न निराळा आहे. रोग पाहून घाबरलेला बागायतदार वारंवार कीटकनाशके फवारतो. पपईच्या बाबतीत त्याने रोग थांबत नाही, अवशेष मात्र पानावर राहतात. पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की पपईच्या पानांची मागणी अचानक वाढते. फळांसाठी लावलेल्या, फवारलेल्या बागेतील पाने तेव्हा औषधाच्या नावाने बाजारात येतात. दोरीसारखी झालेली, चट्टेदार पाने दिसली की त्या बागेत फवारणी झाली असण्याची शक्यता गृहीत धरून चौकशी करावी.

खरेदीच्या वेळी लागवडीचे ठिकाण, रोपांचा स्रोत, फवारणीची औषधे व शेवटच्या फवारणीची तारीख यांची लेखी नोंद पुरवठादाराकडून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या औषधी वनस्पतींच्या लागवड व संकलनविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही अशा नोंदींवर भर आहे. करार पद्धतीने लागवड करून घेणाऱ्या फार्मसीने शेतकऱ्यास रोपे देताना ती निरोगी असल्याची जबाबदारीही स्वीकारली पाहिजे. एका सदोष मातृवेलापासून केलेली हजार रोपे म्हणजे हजार शेतकऱ्यांचा तोटा होऊ शकतो.

उपसंहार

काड्या व रोपे वाटणे ही वैद्यांची जुनी व सुंदर परंपरा आहे. अनेक दुर्मिळ वनस्पती त्यामुळेच आपल्या अंगणांत टिकून आहेत. ती बंद व्हावी असे येथे मुळीच सुचवायचे नाही. केवळ देण्यापूर्वी मातृवृक्षाची दर्शनपरीक्षा करावी, शंका असल्यास देऊ नये, आणि आणलेले रोप काही आठवडे इतरांपासून वेगळे ठेवून मगच बागेत लावावे. लेखकाच्या बागेतील तो पिंपळीचा वेल आता उपटून जाळला आहे. ज्या दोन मित्रांना काड्या दिल्या त्यांनाही तसे करण्याची विनंती केली, व त्यांनी ती मानली. त्या जागी नव्याने लावलेल्या वेलाची काडी मात्र अद्याप कोणास दिलेली नाही.