हरवले की चोरले?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या काष्टीचा शनिवारचा बैलबाजार दूरदूरपर्यंत माहीत आहे. काही वर्षांपूर्वी तिथे बैल विकून निघालेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा खिसा एसटीच्या गर्दीत कापला गेला. मी त्याच गाडीत होतो. वाटेतल्या एका गावी उतरून आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारांनी सगळे ऐकून घेतले आणि लिहिले, 'रक्कम प्रवासात गहाळ झाली.' म्हातारा कोपरीचा कापलेला खिसा दाखवत मला म्हणाला, "भाई, पैसं हरवलं न्हाईत. नेलंय कुणीतरी." शेवटची गाडी चुकेल म्हणून मीच म्हटले, "बाबा, द्या अंगठा."

मी शब्दांत वावरणारा माणूस. 'चोरले' म्हटले की चोर शोधावा लागतो. 'हरवले' म्हटले की कुणालाच शोधावे लागत नाही. हे मला त्या वेळी कळायला हवे होते.

या एका शब्दाचा संबंध थेट दिल्लीशी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ साली स्थापन झाला. देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल तर १९५३ सालापासून निघतो. ठाण्यात नोंदलेला गुन्हा जिल्ह्यातून राज्याकडे आणि तिथून दिल्लीला जातो. मग लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, किती तपासांत आरोपपत्र गेले, निकाल लागलेल्या किती खटल्यांत शिक्षा झाली, असे मोजमाप होते. २०२२ साली भारतीय दंड संहितेखालील गुन्ह्यांत आरोपपत्राचे प्रमाण देशात ७१.३ टक्के होते, केरळात ९६ टक्के.

पण मोजले जाते ते फक्त नोंदलेले. 'गहाळ' या मोजणीत येत नाही. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले, तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा धरतात. २०१९ साली लाखामागे ३८५.५ गुन्हे होते, २०२० साली ४८७.८ झाले. सगळा देश घरात बसलेला, मग गुन्हे वाढले कसे? टाळेबंदीचे आदेश मोडल्याचे गुन्हे लाखांच्या संख्येने नोंदले गेले. चोऱ्यांची नोंद उलट घटली होती.

म्हणून आकडा वाढला की पोलीस वाईट आणि घटला की चांगले, असे समजू नये. कमी आकड्याला शाबासकी मिळू लागली, तर आकडा कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे फिर्यादच न घेणे. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही या प्रवृत्तीवर बोट ठेवले होते.

कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

त्या म्हाताऱ्याचे पैसे मिळाले नाहीत. निदान त्याची चोरी देशाच्या हिशेबात तरी यायला हवी होती. म्हणून सांगतो, सही किंवा अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. वाचता येत नसेल, तर वाचून दाखवायला सांगा. आणि चोरीला चोरीच लिहायला लावा, गाडी चुकली तरी चालेल.