कॅनॉपीवरचे पांढरे धुके

महिनाभर खपून विमानाची प्रतिकृती तयार होते. शेवटी उरते ती कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण. घाईत सुपरग्लूचे चार थेंब लावून ते बसवले जाते. सकाळी पाहावे तर आतून पांढरे धुके दाटलेले! वैमानिक दिसेनासा होतो आणि झाकण काही निघत नाही.

हा दोष हाताचा नसतो, रसायनाचा असतो. सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. किंचित ओलावा मिळताच त्याचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि द्रवाचे टणक प्लॅस्टिक बनते. मात्र काही रेणू त्याआधीच वाफ होऊन उडतात. बंद कॅनॉपीतून त्यांना बाहेर पडायला वाट नसते. ओलाव्यामुळे त्यांचे पांढरे कण बनतात आणि आतल्या बाजूवर बसतात. बोटांचे ठसे असतील, तर तेही उठून दिसतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत अदृश्य ठसे याच वाफेने उमटवले जातात.

या गोंदाचा इतिहासही कॅनॉपीशी जोडलेला आहे. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होते. सायनोअ‍ॅक्रिलेट सगळ्यालाच चिकटते म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. १९५१ मध्ये जेट विमानांच्या कॅनॉपीसाठी उष्णता सोसणारे प्लॅस्टिक शोधताना ते पुन्हा हाती आले. सहकारी फ्रेड जॉयनर यांनी ते तपासायला उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये ठेवले आणि लोलकच चिकटून बसले. तेव्हा त्याची खरी किंमत कळली. १९५८ मध्ये हा गोंद बाजारात आला.

मग कॅनॉपी बसवावी कशी? आधी ती साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवावी आणि गोंद न लावता बसवून पाहावी. फट दिसल्यास विमानाच्या पाठीवर बारीक सँडपेपर पसरून कॅनॉपीची कड त्यावर हलकेच घासावी, म्हणजे कडेला पाठीचाच बाक येतो. नाकापासून शेपटापर्यंतची मध्यरेषा समोरून आणि वरून जुळवावी, मास्किंग टेपने कॅनॉपी जागेवर धरावी. मग टूथपिकने कडेला पांढरा गोंद लावून रात्रभर राहू द्यावे. हा गोंद त्यातले पाणी उडून सुकतो आणि पारदर्शक होतो. धुके धरत नाही, जास्तीचा ओल्या फडक्याने पुसताही येतो.

सुपरग्लू वापरायचाच असेल, तर खिडकी उघडी हवी. त्याची वाफ डोळ्यांना आणि नाकाला झोंबते. बोटे चिकटल्यास ओढू नयेत. कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवावीत. सांडलेला गोंद कापसाने किंवा सुती कपड्याने टिपू नये, कारण सुताशी संयोग होऊन भाजण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. डोळ्यात गेल्यास पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे, पापण्या ओढून उघडू नयेत. जखमा सांधायला डॉक्टर याच कुळातला गोंद वापरतात, पण त्याची घडण वेगळी असते. घरातली ट्यूब जखमेवर लावणे धोक्याचे आहे.

शेवटच्या तुकड्याला एक रात्र जास्त दिली, तर महिन्याची मेहनत काचेसारखी स्वच्छ दिसते.