सुटी सर्वांची, पण एकाच वेळी का?

जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला की इंग्लंडातील बहुतेक शाळा बंद होतात आणि बर्मिंगहॅमकडून एक्सेटरकडे जाणाऱ्या एम-५ या महामार्गावर मोटारींच्या रांगा लागतात. त्या रांगांत अधूनमधून एक पांढरे, चौकोनी घर मोटारीच्या मागे डुलत चाललेले दिसते. हीच कॅरॅव्हॅन. झोपण्याचे बाक, गॅसची शेगडी, पाण्याची सोय असा सारा संसार मागे बांधून ही कुटुंबे डेव्हन आणि कॉर्नवॉल या नैर्ऋत्येकडील परगण्यांचा समुद्रकिनारा गाठू पाहत असतात.

या छंदाचा प्रारंभ स्वातंत्र्याच्या ओढीतून झाला. गॉर्डन स्टेबल्स हे आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर व लेखक. त्यांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यात दोन घोड्यांची एक गाडी बांधून घेतली आणि तिच्यातून थेट स्कॉटलंड गाठले. निव्वळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेली ती पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. १९०७ साली अशा हौशी प्रवाशांचा क्लब स्थापन झाला. १९१९ पासून मोटारीला जोडावयाच्या कॅरॅव्हॅन विक्रीस आल्या. पुढे १९३८ च्या कायद्याने पगारी रजेचे तत्त्व मान्य केले आणि महायुद्धानंतर जे सुख सुखवस्तूंपुरते होते, ते कामगार व कारकून यांच्याही आटोक्यात आले. हॉटेलचे भाडे ज्यांना परवडत नाही, त्यांच्या मुलांनाही समुद्र दिसू लागला, हे या फिरत्या घराचे मोठेच सामाजिक कार्य म्हटले पाहिजे.

परंतु ऐन सुटीत हे स्वातंत्र्य कितपत उरते? कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या मोटारीला महामार्गावर ताशी ६० मैलांची, तर साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैलांची मर्यादा असते. कॉर्नवॉलच्या आडवाटांना दोन्ही बाजूंनी दगडमातीचे उंच बांध असतात. समोरून दुसरे वाहन आले, तर कोणाला तरी मागे सरकावेच लागते. आणि कॅरॅव्हॅन मागे घेणे हे सराईतालाही घाम फोडणारे काम आहे. किनाऱ्यावर वाटेल तेथे मुक्काम करावा म्हटले, तर तीही मुभा नाही. १९६० च्या कायद्यान्वये तळांना परवाना लागतो आणि ऑगस्टमधील तळांवरील जागा कित्येक महिने आधी राखून ठेवाव्या लागतात. घर पाठीशी बांधून निघालेल्या माणसालाही उतरायला जागा मिळेल की नाही याची चिंता वाहावी लागावी, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

याचा दोष प्रवाशांना देता येणार नाही. शाळांची उन्हाळी सुटी सुमारे सहा आठवड्यांची आणि जवळजवळ सर्वत्र एकाच सुमारास. त्या दिवसांत दर चढतात. ते टाळण्यासाठी मुलांना शाळा बुडवून नेले, तर दंड होतो. २०१३ पासून इंग्लंडात अपवादात्मक कारणाखेरीज अशी रजा देण्यास मुख्याध्यापकांना मनाई आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेही शाळेच्या नियमांनुसार उपस्थिती म्हणजेच नियमित उपस्थिती, असा निर्वाळा दिला. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकास ८० पौंड झाला आहे. धनिकाला त्याची क्षिती नसते. मोजूनमापून खर्च करणाऱ्याला मात्र महागडी सुटी किंवा दंड यांपैकी एक निवडावे लागते. शिक्षकांना तर हा पर्यायही नाही.

यावर उपाय नाही असे नाही. जर्मनीतील घटक राज्ये आपापल्या उन्हाळी सुट्या जूनअखेरपासून ऑगस्टच्या प्रारंभापर्यंत निरनिराळ्या आठवड्यांत सुरू करतात. फ्रान्सने हिवाळी व वसंतातील सुट्यांसाठी देशाचे तीन विभाग पाडले आहेत. नेदरलँड्समध्येही असेच तीन भाग आहेत. मुलांच्या शिक्षणाचे दिवस कमी न करता रस्ते, तळ आणि किनारे यांवरील भार वाटून घेण्याची ही रीत आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. राज्य शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. पण वाहन कोणतेही असो, मे महिन्यात मुंबई-पुण्याची मंडळी अलिबागपासून मालवणापर्यंत एकाच वेळी लोटतात, ही वस्तुस्थिती बदलत नाही. त्यातही दैवदुर्विलास असा की, धो-धो पाऊस पडणाऱ्या कोकणातील अनेक गावांच्या विहिरी याच महिन्यात तळ गाठतात. ज्या गावात घरचीच माणसे हंड्यांची रांग लावून उभी आहेत, त्या गावात पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी कोठून आणायचे? पर्यटनाचा पैसा हवा हे खरे; पण तो वर्षातील चार आठवड्यांतच आला, तर उरलेले महिने खोल्या रिकाम्या आणि हात मोकळे राहतात.

पावसामुळे कोकणची सुटी जुलैत ढकलता येणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यानंतर उघडतात; म्हणजे एकच वेळापत्रक सर्वांना हवे, असा काही दंडक नाही. उन्हाळ्याची वा दिवाळीची दीर्घ सुटी थोडी कमी करून ते दिवस गणेशोत्सव किंवा नाताळ यांना जोडण्याची तरतूदही शासकीय परिपत्रकांत होत आली आहे. हीच तरतूद विस्तारून, निरनिराळ्या जिल्ह्यांनी मे महिन्यातील आठ-दहा दिवस जानेवारी-फेब्रुवारीत आळीपाळीने घेतले तर? तेव्हा किनाऱ्यावर हवा सुखद असते आणि विहिरींत पाणीही असते. परीक्षांचे वेळापत्रक त्यानुसार बसवावे लागेल, निरनिराळ्या जिल्ह्यांत नोकरी करणाऱ्या आई-वडिलांची अडचण होईल. पण या अडचणी सुटण्याजोग्या आहेत.

विसावा हा चैनीचा भाग नव्हे, श्रमणाऱ्याचा हक्क आहे. तो सर्वांना मिळावा यासाठी समाज झगडला. आता तो एकमेकांच्या अंगावर न पडता आणि यजमानाची घागर रिकामी न करता कसा उपभोगावा, हे ठरविण्याची पाळी आली आहे. किनारा लांबविता येत नाही. सुटीची तारीख मात्र माणसाच्याच हातची आहे.