उसने ८० रुपये आणि खाटेखालचा स्टोव्ह

पापडाला ऊन लागतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ऊन सुट्टीवर असतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसलेल्या सात गुजराती गृहिणींना याचा फटका पहिल्याच वर्षी बसला. धंदा चार महिने बंद! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. पाऊस बसला बाहेर.

ही ‘लिज्जत’ची जन्मकथा. भांडवल ८० रुपये, तेही छगनलाल पारेख यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटं. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये.

‘लिज्जत’ हे नाव आलं १९६२ मध्ये, एका स्पर्धेतून. बक्षीस किती? रोख ५ रुपये! आज नुसत्या लोगोसाठी लाखोंची बिलं काढणाऱ्यांनी हा आकडा वाचून पुढे जावं.

सुरुवातीला पापड दोन प्रतींचे निघत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. पारेखांनी, म्हणजे सगळ्यांच्या छगनबाप्पांनी, सांगितलं, एकच प्रत ठेवा, उत्तम. आणि तोटा झाला तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही. समाजकार्य म्हटलं की आपल्याकडे आधी पावतीपुस्तक छापून येतं. इथे थेट हिशेबाची वही उघडली गेली.

कामाची रीत आजही साधीच आहे. केंद्रावरून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटायचं, वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. मात्र लाटणारी इथे नोकर नाही, मालकीण आहे. नफा वाटून घ्यायचा आणि तोटाही. पुरुष पगारावर ड्रायव्हर होऊ शकतो, सभासद नाही! आज अशा सुमारे ४५,००० ‘बहेनी’ आहेत. मूळच्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आणि ‘लिज्जत’च्या जाहिरातीतला तो हसरा ससा? तो बोलक्या बाहुल्यांच्या रामदास पाध्यांचा. संस्थेच्या कपडे धुण्याच्या पावडरचं नावही ‘ससा’च. तेच नाव पापडाला ठेवलं असतं, तर गिऱ्हाईक जरा बिचकलं असतं.

गिरगावापासून जरा पुढे, गिरणगावात, तिथेही पीठच, पण पोळीचं. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांचं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं. तारण काय, तर रोज उठून पंगत वाढायची सवय. बँकेच्या छापील फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

सगळ्यात भारी किस्सा मात्र माणदेशातला. साताऱ्याच्या म्हसवडमध्ये एक लोहारकाम करणारी बाई तिथल्या सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हांकडे आली. पावसाआधी झोपडीवर घालायला प्लास्टिक घ्यायचं होतं, त्यासाठी पैसे साठवायचे होते, पण इतक्या किरकोळ रकमेचं खातं उघडायला बँक तयार नव्हती. मग बायकांचीच बँक काढू, असं ठरलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक अंगठेबहाद्दर!

बायका दिवसभराची कामं उरकून अक्षरं गिरवायला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा त्याच कचेरीत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. नाही आलं तर परवाना देऊ नका. फक्त तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला सांगा, बघू कोण आधी सांगतं!

‘माणदेशी महिला सहकारी बँक’ १९९७ मध्ये सुरू झाली.